भविष्य नेहमी पुढेच असतं?

आपण तोंड पुढे करून चालतो, म्हणून जगातल्या सगळ्या भाषांत भविष्य पुढे आणि भूतकाळ मागे, असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. अँडीज पर्वतातल्या आयमारा भाषेत ‘नायरा’ म्हणजे डोळा, समोर आणि भूतकाळही. पाठीसाठीचा शब्द भविष्याला. घडलेलं दिसतं, येणारं दिसत नाही. २००६ साली नुन्येझ आणि स्वीटसर या संशोधकांनी दाखवलं, की तिथले म्हातारे जुन्या काळाबद्दल बोलताना हात पुढे नेतात. आधार शरीराचाच, फक्त पायांऐवजी डोळ्यांचा.

लांब कशाला जा? मराठीतच ‘मागाहून येतो’ म्हणजे नंतर येतो. ‘पूर्व’चा मूळ अर्थ समोरचा, आणि ‘पूर्वी’ म्हणजे होऊन गेलेल्या काळात!