थांबू का घेऊन टाकू? महागड्या ग्राफिक्स कार्डांच्या अफवांमागचा इतिहास

नागपूरच्या बर्डीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानांत एक प्रश्न मी कॉलेजच्या दिवसांपासून ऐकत आलो आहे. काउंटरवर कोपर टेकवून एखादा पोरगा विचारतो, "भाऊ, नवीन कार्ड येऊन राहिलं म्हणते सारे. थांबू का घेऊन टाकू?" कार्ड म्हणजे ग्राफिक्स कार्ड, खेळ आणि त्रिमिती चित्रं पडद्यावर उमटवणारा कॉम्प्युटरचा भाग. दर दोन वर्षांनी त्याचं नाव तेवढं बदलतं. यंदा हा प्रश्न माझ्या भाच्याने मला विचारला. तो थ्रीडी ॲनिमेशन शिकतो आणि त्याच्या मोबाइलवर रोज एक नवी 'लीक', म्हणजे घोषणेआधी फुटलेली बातमी, येते.

नागपुरात हा प्रश्न मुंबईपेक्षा जड जातो. सगळ्यात वरच्या वर्गाचं कार्ड इथला दुकानदार सहसा ठेवत नाही. दीड-दोन लाखांचा माल कपाटात अडकवून ठेवणं त्याला परवडत नाही. तुम्ही ॲडव्हान्स द्यायचा, मग माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसवरून मागवला जातो. एकदा सांगून ठेवलं की माघार नाही. म्हणून माणूस अफवा वाचतो, आणि वाचावीच. फक्त कोणती अफवा कुठून निघते आणि कशाबद्दलची खरी ठरत आली आहे, हे माहीत असलं पाहिजे.

सध्याची परिस्थिती अशी आहे. एनव्हिडिया कंपनीचं सगळ्यात वरच्या वर्गाचं कार्ड आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५मध्ये लास वेगासच्या सीईएस या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात जाहीर झालं आणि ३० जानेवारीला विक्रीला आलं. ३२ जीबी जीडीडीआर७ मेमरी, २१,७६० कुडा कोअर (एकाच वेळी गणितं करणारे छोटे भाग), ५७५ वॉट वीज आणि अमेरिकेत १,९९९ डॉलर किंमत. त्यानंतर २४ जीबीच्या 'सुपर' आवृत्त्यांची कुजबुज वर्षभर चालली, पण जानेवारी २०२६च्या सीईएसमध्ये एनव्हिडियाने एकही नवं जीफोर्स, म्हणजे घरगुती वापराचं, कार्ड दाखवलं नाही. आता सगळ्यांचे डोळे पुढच्या पिढीकडे लागले आहेत. ती २०२७मध्ये येईल, तिचं अंतर्गत नाव रुबिन असेल, अशी चर्चा आहे. खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांचं हे नाव कंपनीने डेटा सेंटरच्या चिपसाठी जून २०२४मध्ये तैपेईत स्वतःच जाहीर केलं होतं. घरगुती कार्डालाही तेच नाव मिळेल, हा लोकांचा अंदाज आहे.

अफवा ऐकून वाट बघण्याची ही सवय जुनी आहे. ३डीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाने १९९६मध्ये घरच्या कॉम्प्युटरवर त्रिमिती खेळ वेगाने चालवून दाखवले. १९९९मध्ये एनव्हिडियाने जीफोर्स २५६ आणलं आणि 'जीपीयू' (कार्डावरची चित्रं घडवणारी मुख्य चिप) हा शब्द बाजारात रुजवला. त्याच वर्षी फिनलंडच्या बिटबॉइज कंपनीने ग्लेझ३डी नावाच्या चिपची घोषणा केली. कागदावरचे तिचे आकडे थक्क करणारे होते. लोक तिची वाट बघत राहिले आणि चिप दुकानात कधीच आली नाही. ३डीएफएक्सने चार चिपांचं व्हूडू ५ ६००० दाखवलं. ते इतकी वीज खायचं की त्याला बाहेरून वेगळा वीजपुरवठा द्यावा लागणार होता. तेही विक्रीला आलं नाही, आणि डिसेंबर २०००मध्ये कंपनीची मालमत्ता एनव्हिडियाने विकत घेतली. त्या काळी नागपुरात या बातम्या इंग्रजी संगणक मासिकांतून महिना-दोन महिने उशिरा पोहोचायच्या. आपण ज्याची वाट बघतोय ते कार्ड येणारच नाही, हे इथे सगळ्यात शेवटी कळायचं.

२००९चा प्रसंग मला सगळ्यात बोलका वाटतो. एनव्हिडियाच्या फर्मी चिपला उशीर होत होता. चिपा बनवून देणाऱ्या तैवानच्या टीएसएमसीची ४० नॅनोमीटरची प्रक्रिया (आकडा जितका लहान, तितकी बारीक घडण) तेव्हा नवी होती आणि मोठ्या चिपांपैकी फार थोड्या धड निघत होत्या. सप्टेंबरअखेर कंपनीच्या परिषदेत कंपनीप्रमुख जेन्सन ह्वांग यांनी फर्मीचं कार्ड व्यासपीठावर उंच धरून दाखवलं. फोटो मोठे करून पाहणाऱ्यांना त्यावर साधे लाकडात मारायचे स्क्रू दिसले. ते नुसतं मॉडेल होतं, हे कंपनीला मान्य करावं लागलं. खरं जीटीएक्स ४८० मार्च २०१०मध्ये आलं. ५१२ कोअरच्या आराखड्यातले ४८०च चालू ठेवलेले, वीज २५० वॉट, आणि भट्टीसारखं तापणारं. उशीर होणार, कार्ड तापणार, असं तेव्हा लोक म्हणत होते आणि दोन्ही खरं निघालं. कंपनी गप्प राहते तेव्हा कारखान्याच्या आसपासची कुजबुज ऐकावी, हे अनेकांच्या मनात तिथूनच पक्कं झालं.

त्या कुजबुजीचा एक मोठा झरा आपल्या देशात होता. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एएमडी हिची हैदराबादला आणि एनव्हिडियाची बंगळुरूला कार्यालयं आहेत आणि तिथे नव्या कार्डांची चाचणी होते. चाचणीचे बोर्ड परदेशातून विमानाने येतात. कस्टम्सच्या आयात नोंदीत प्रत्येक पार्सलचं वर्णन, बोर्डाचा सांकेतिक क्रमांक आणि जाहीर केलेली किंमत असते. झौबासारख्या संकेतस्थळांवर या नोंदी कुणालाही शोधता यायच्या. २०१३ ते २०१६च्या सुमारास युरोप-अमेरिकेत छापून आलेल्या कितीतरी बातम्यांचं मूळ हैदराबादच्या विमानतळावर उतरलेल्या एखाद्या खोक्यात होतं. एएमडीच्या पोलारिस पिढीच्या कार्डांची चाहूल अशीच लागली. पुढे सरकारने आयात-निर्यातीच्या माहितीला संरक्षण दिलं. २०२२च्या वित्त कायद्याने कस्टम्स कायद्यात १३५एए हे कलम घातलं आणि अशी माहिती बेकायदा प्रसिद्ध करणं गुन्हा ठरवलं.

तरी गळती थांबली नाही, आणि थांबणारही नाही. एक कार्ड तयार व्हायला किती हात लागतात ते बघा. चिप टीएसएमसी बनवते, मेमरी सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉन देतात, पंखे आणि बोर्ड असूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्याकडे तयार होतात, ड्रायव्हरमध्ये (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) नव्या चिपचा क्रमांक आधीच टाकावा लागतो. यातल्या प्रत्येकाला कार्डाचा एकेक तुकडा ठाऊक असतो. म्हणून चिपबद्दलच्या अफवा लाँच जवळ येईल तशा खऱ्या होत जातात. ५०९०ची ३२ जीबी मेमरी, मेमरीच्या वाटेची ५१२ बिटची रुंदी, साधारण सहाशे वॉटपर्यंत जाणारी वीज, हे सगळं काही महिने आधी बाहेर आलं होतं. एनव्हिडियाचं स्वतःचं एवढ्या विजेचं कार्ड दोनच स्लॉटच्या (कॅबिनेटमागच्या दोन खाचांच्या) जाडीत बसेल, ही बातमी तर फार थोड्यांना पटली होती. ती खरी निघाली.

चुका होतात त्या वेगळ्या ठिकाणी. २०२०मध्ये आरटीएक्स ३०८०ला ४,३५२ कोअर असतील असं सगळे म्हणत होते. कंपनीने ८,७०४ सांगितले, कारण आतली मोजणीची रचनाच बदलली होती. २०२२मध्ये ५०९०च्या आधीच्या पिढीचं ४०९० सहाशे वॉट खाणार अशी आवई उठली. ते ४५० वॉटचं निघालं. त्याचे कूलर मात्र बहुधा त्या मोठ्या आकड्याच्या तयारीनेच बांधले गेले असावेत. तीन-साडेतीन स्लॉट जाडीची ती कार्डं इथल्या अनेक कॅबिनेटमध्ये बसत नव्हती.

आणि किंमत. माझ्या मते किमतीबद्दलच्या अफवेवर विसंबून एक दिवसही थांबू नये. चिपचा आराखडा वर्ष-दीड वर्ष आधी गोठतो, किंमत शेवटच्या आठवड्यात ठरते आणि ती फार थोड्या लोकांना माहीत असते. जुलै २०१९मध्ये एएमडीने आरएक्स ५७०० एक्सटीची किंमत विक्रीच्या दोन दिवस आधी ४४९वरून ३९९ डॉलर केली. सप्टेंबर २०२२मध्ये एनव्हिडियाने १२ जीबीचं ४०८० कार्ड ८९९ डॉलरला जाहीर केलं, टीका झाल्यावर १४ ऑक्टोबरला मागे घेतलं आणि जानेवारीत तेच ४०७० टीआय नावाने ७९९ला आणलं. जाहीर झालेली किंमतही टिकली नाही, तिथे कानावर आलेल्या आकड्याचा काय भरवसा! २००८च्या जूनमध्ये ज्यांनी जीटीएक्स २८० हे कार्ड ६४९ डॉलरला घेतलं, त्यांच्यासमोर काही आठवड्यांत ते ४९९ झालं, कारण एएमडीचं एचडी ४८७० फक्त २९९ला आलं होतं. उलट २०२० ते २०२२ या काळात थांबणारे फसले. इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगमुळे (कार्डांवर गणितं सोडवून चलन कमावण्यामुळे) जगभर कार्डं छापील किमतीच्या दुपटीने विकली गेली. १५ सप्टेंबर २०२२ला इथेरियमने मायनिंग सोडलं, तेव्हा कुठे बाजार सैल झाला.

आपल्याकडच्या किमतीचं गणित मात्र हाताने करता येतं. ४०९०ची अमेरिकेतली किंमत १,५९९ डॉलर होती. तेव्हा डॉलर ८२ रुपयांच्या आसपास होता, म्हणजे सुमारे १,३१,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की साधारण १,५५,००० होतात, आणि भारतात जाहीर झालेली किंमत तेवढीच होती. ५०९०चं बघा. १,९९९ डॉलर, दर ८६च्या आसपास, म्हणजे १,७२,०००. जीएसटी धरून सुमारे २,०३,०००. जाहीर किंमत होती २,१४,०००. ४०९० आणि ५०९० यांच्यात डॉलरमधली वाढ चारशेची, आपल्या खिशातली ५९,००० रुपयांची. यात रुपयाच्या घसरणीचाही वाटा आहे आणि तो कुठल्याच लीकमध्ये लिहिलेला नसतो.

पुढच्या पिढीबद्दल ज्या एका गोष्टीने माझ्या अपेक्षा बदलल्या, ती अफवा नाही, कंपनीच्या उत्पन्नाचे आकडे आहेत. २०२२च्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाला गेमिंगमधून सुमारे १२.५ अब्ज डॉलर मिळाले आणि डेटा सेंटरमधून १०.६ अब्ज. २०२५च्या आर्थिक वर्षात गेमिंग ११.३५ अब्जांवर होतं आणि डेटा सेंटर ११५.२ अब्जांवर. ज्या कारखान्यात आपलं कार्ड बनतं तिथेच एआयच्या चिपा बनतात, आणि एका वेफरवर (ज्या सिलिकॉनच्या चकतीतून चिपा कापतात तिच्यावर) कुणाला जागा द्यायची हे ठरवताना आपला क्रमांक मागे असतो. ५०९०च्या चिपमध्ये एकूण २४,५७६ कोअर आहेत. त्यातले २४,०६४ कोअर आणि ९६ जीबी मेमरी व्यावसायिक आरटीएक्स प्रो ६०००ला मिळाली, घरगुती कार्डाला २१,७६०. मेमरीचंही तेच. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करण्याचं जाहीर केलं, कारण माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळवायचा आहे. सुपर कार्डांची सगळी भिस्त ३ जीबीच्या जीडीडीआर७ चिपांवर होती. ती का दिसली नाहीत, याचा माझा अंदाज इथेच येऊन थांबतो.

एएमडीकडून वरच्या वर्गात टक्कर होईल, ही आशाही सध्या लांबणीवर आहे. कंपनीचे जॅक ह्युन यांनी सप्टेंबर २०२४मध्ये स्पष्ट सांगितलं की या पिढीत सगळ्यात महागड्या कार्डाच्या मागे ते लागणार नाहीत. मार्च २०२५मध्ये ५९९ डॉलरचं आरएक्स ९०७० एक्सटी आलं आणि मधल्या वर्गात चांगलं चाललं. घरगुती आणि डेटा सेंटरची रचना एकत्र करून 'यूडीएनए' ही एकच रचना आणण्याचं त्यांनी सप्टेंबर २०२४मध्येच जाहीर केलं होतं.

मग पुढच्या कार्डाकडून काय धरून चालावं? ४०९० आणि ५०९० दोन्ही टीएसएमसीच्या ५ नॅनोमीटर घराण्यातल्या प्रक्रियेवर बनली. म्हणूनच ५०९०चा वेग वाढला तो मुख्यतः मोठी चिप आणि १२५ वॉट जास्त वीज देऊन. पुढची पिढी ३ नॅनोमीटरकडे गेली तर त्याच विजेत जास्त काम होणं शक्य आहे. २०१६मध्ये १६ नॅनोमीटरवर आलेल्या जीटीएक्स १०८०ने तशी उडी मारून दाखवली होती. नव्या पिढीची कार्डं मे २०१६, सप्टेंबर २०१८, सप्टेंबर २०२०, ऑक्टोबर २०२२ आणि जानेवारी २०२५ अशी आली आहेत. अंतर २४ ते २८ महिन्यांचं. तोच वेग राहिला तर २०२७ चुकीचं वाटत नाही, पण मेमरीची टंचाई तो वेग मोडू शकते.

आपल्या गावापुरता विजेचा मुद्दा मी शेवटी ठेवला असला तरी तो लहान नाही. ५७५ वॉटचं कार्ड आठ तास पूर्ण जोराने चाललं तर ४.६ युनिट खातं आणि ती सगळी वीज उष्णता होऊन खोलीत उतरते. मे महिन्यात बाहेर ४५ अंशांच्या पुढे पारा असतो, खिडकीत वाळ्याचा कूलर घरघरत असतो, आणि टेबलाखाली ही शेगडी. हजार वॉटचा चांगला एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा), मोठं कॅबिनेट आणि खोलीचा एसी हा खर्च कुठल्याही लाँचच्या किमतीत धरलेला नसतो.

भाच्याला मी त्याच्या ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या फाइली उघडायला लावल्या आणि रेंडर करताना, म्हणजे अंतिम चित्र तयार होताना, किती मेमरी लागते ते शेजारी बसून लिहून घेतलं. सगळ्यात जड सीनला १३ जीबी लागली. त्याने १६ जीबीचं कार्ड सांगून ठेवलं आहे. शनिवारी दिल्लीहून येईल म्हणून दुकानदाराने कळवलंय.