मनोगत आणि नोंद : नसलेल्या प्राण्याबद्दल लिहिताना

‘मी धुकचाटा बोलतोय. ओळखलंत का मला?’

चौथीच्या 19 वह्यांपैकी 14 वह्यांची सुरुवात अशीच झाली होती. प्राणी निरनिराळे, वाक्य एकच. खरं तर मी मनोगत मागितलंच नव्हतं. फळ्यावर लिहिलं होतं, ‘मनानं एक प्राणी तयार करा आणि त्याची माहिती लिहा.’ पण यात पोरांचा काय दोष? मराठी शाळेत फाटकी छत्री बोलते, पडका किल्ला बोलतो, शेवटचं पान उरलेली वहीसुद्धा बोलते. मग धुकचाट्यानंच काय घोडं मारलंय?

मनोगत आणि माहितीपर नोंद यांची गल्लत होते, कारण मजकूर वरवर सारखाच असतो. घर, खाणं, पिल्लं, शत्रू दोन्हीत येतात. त्यात प्राणी मनचा असला की मुलांना वाटतं, खऱ्या प्राण्याची माहिती लिहायची आणि खोट्याचं मनोगत. पण खवले मांजराचंही मनोगत लिहिता येतं आणि धुकचाट्याचीही नोंद करता येते. बघायचं ते एवढंच, की लिहिणारा बसलाय कुठं. मनोगतात तो प्राण्याच्या कातड्यात शिरलेला असतो. नोंदीत तो लांब बांधावर वही घेऊन बसलेला असतो आणि तिथून दिसेल, ऐकू येईल, मोजता येईल तेवढंच लिहितो.

एकाच मुलीनं एकाच प्राण्यावर लिहिलेले हे दोन उतारे बघा. शुद्धलेखन तेवढं मी सुधारलंय.

पहिला : ‘मी धुकचाटा. कासच्या पठारावर माझं छोटंसं घर आहे. धुकं आलं की मला इतका आनंद होतो की मी नाचू लागतो. काल एक माणूस आला आणि त्यानं माझ्या दारात प्लास्टिकची पिशवी टाकली. माणसा, असं का रे करतोस?’

दुसरा, आठवडाभरानंतरचा : ‘धुकचाटा कासच्या पठारावर जांभ्याच्या भेगांत राहतो. तो मुठीएवढा असतो. शेपूट वीतभर लांब असते. जीभ खरखरीत असते. पावसाळ्यात सकाळी तो गवताच्या पात्यांवरचं धुक्याचं पाणी चाटतो. धुकं दाट असलं की तो जागच्या जागी उड्या मारतो. तो सहसा एकटा दिसतो.’

आनंद गेला, उड्या राहिल्या. बांधावरून उड्या दिसतात, आनंद दिसत नाही. ‘काल’ गेलं. त्याबरोबर ‘एकदा’, ‘तेवढ्यात’, ‘इतक्यात’ हेही जातात, कारण ते गोष्टीचे शब्द. मराठीत यासाठी एक सोपी कसोटी आहे : क्रियापद बघायचं. ‘धुकचाटा गवतावर बसला होता’ म्हटलं की तो एकच कुणीतरी धुकचाटा, एकाच दिवशीचा. ‘धुकचाटा गवतावर बसतो’ म्हटलं की अख्खी जात. नागाला बाहेरून कान नसतात, असं आपण म्हणतो तेव्हा शेजारच्या बिळातल्या नागाबद्दल बोलत नसतो, तसंच. मुलांना हे व्याकरण म्हणून सांगितलं की जांभया येतात. ‘एकाची गोष्ट का सगळ्यांची सवय?’ असं विचारलं की लगेच कळतं.

आणि त्या पिशवीचं काय करायचं? उपदेशाला नोंदीत जागा नाही, पण त्यामागच्या निरीक्षणाला आहे. त्याच मुलीनं नंतर लिहिलं, ‘सप्टेंबरमध्ये फुलं बघायला माणसं येतात तेव्हा तो दिवसा भेगेबाहेर येत नाही.’ ‘माणसा, माणसा’ करण्यापेक्षा मला तरी हे वाक्य जास्त बोचलं.

उपमांचंही तसंच. ‘मोत्यासारखे डोळे’ मनोगतात चालतील; नोंदीत ‘हरभऱ्याएवढे डोळे’ हवेत. वीत, मूठ, हात, सुपाएवढे कान, म्हशीच्या पाठीइतकी उंची ही आपल्या घरातली मापं नोंदीला चालतात, कारण ऐकणाऱ्याला ती डोळ्यांसमोर धरता येतात. ‘खूप मोठा’ आणि ‘अतिशय सुंदर’ मी लाल पेनानं खोडते. निष्ठुरपणे.

पण खरी मजा पुढं आहे आणि त्यासाठीच प्राणी मनचा हवा. वाघावर लिहा म्हटलं की मुलं गाइड उतरवतात. धुकचाटा कुठल्याच गाइडात नाही, मोबाइलवर शोधून सापडत नाही. त्याचं पोट, दात, पिल्लं सगळं स्वतःच ठरवावं लागतं आणि एक ठरवलं की दुसरं त्याच्याशी जुळवावं लागतं. पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या प्राण्याला पंख, शिंगं, सहा पाय असतात आणि तो आग ओकतो. मी फक्त विचारते, ‘खातो काय?’ गवत खात असेल तर चावायला मागं रुंद दाढा लागतील. शिकार करत असेल तर अंतराचा अंदाज यायला डोळे पुढं लागतील. ज्याची शिकार होते त्याचे ससा-हरणासारखे बाजूला, चहूकडून लक्ष ठेवायला. असं विचारत गेलं की आग आपोआप विझते, दोन पाय गळून पडतात.

धुकचाट्याच्या पहिल्या नोंदीत होतं, ‘तो वर्षभर धुकं चाटून जगतो.’ मागच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, उन्हाळ्यात कासला धुकं कुठं असतंय? कातळ पाय भाजतोय नुसता.’ बरोबर होतं त्याचं. सुमारे 1200 मीटर उंचीवरचं ते पठार पावसाळ्यात ढगात बुडालेलं असलं, तरी वर मातीचा थर पातळ आणि खाली जांभा. एप्रिलमध्ये तिथं ओल शोधून सापडत नाही. मग वर्गानं एक अख्खा तास धुकचाट्याला वाचवण्यात घालवला. कुणी त्याला कास तलावावर पाणी प्यायला पाठवलं, कुणी थेट साताऱ्यात नळावर आणलं. शेवटी गोगलगाय मदतीला आली : ती कोरड्या दिवसांत शंखाचं तोंड बंद करून पडून राहते, हे त्यांनी परड्यात पाहिलेलं होतं. ठरलं. धुकचाटा उन्हाळ्यात भेगेत झोपतो. मग झोपेत लागणारी चरबी कुठं साठते? शेपटीत. वीतभर शेपटीला तेव्हा कुठं कारण मिळालं.

मनोगतात या कटकटी नसतात. तिथं प्राणी भर उन्हाळ्यात रडतो आणि वाचणाऱ्याला त्याची दया येते, काम झालं.

मधे मी खरे प्राणी आणते, कारण काही खरे प्राणीच मुलांना थापा वाटतात. खवले मांजर मांजर नाहीच. त्याला दात नसतात, लांब चिकट जिभेनं ते मुंग्या-वाळवी खातं, घाबरलं की वेटोळं करून गोळा होतं आणि त्याचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे असतात. आई पिल्लाला शेपटीवर बसवून फिरवते. हे मी नाव न सांगता वाचलं तेव्हा वर्ग म्हणाला, ‘बाई, हे तुम्ही मनानं केलंय.’ उलट जे खरं वाटतं तेच कधी गोष्ट निघतं. साळिंदर काटे फेकून मारतं, असं जवळजवळ प्रत्येक घरात सांगतात. ते काटे फेकत नाही. पाठमोरं होऊन अंगावर येतं, काटे सैल असतात, ते शत्रूच्या अंगात रुतून राहतात. माझं माहेर बत्तीस शिराळ्याकडचं, तेव्हा नागाच्या कथा मी दुधाबरोबर प्यायलेय. नाग मात्र दूध पीत नाही आणि पुंगीवर डोलतो तोही सुरामुळं नाही, पुंगी हलते म्हणून.

म्हणून ऐकीव गोष्टी नोंदीतून हाकलायच्या का? अजिबात नाही, फक्त त्यांना त्यांच्या जागी बसवायचं. ‘धुकचाटा दिसला की पाऊस येतो’ ही थाप झाली. ‘धुकचाटा दिसला की पाऊस येतो, असं गुराखी सांगतात’ ही नोंद झाली. ‘सहसा’, ‘क्वचित’, ‘असं सांगतात’ हे शब्द चौथीतल्या पोरांना जड जातील असं मला वाटायचं. जड गेले नाहीत. उलट ‘नेहमी’ लिहिलं की शेजारचा विचारतो, ‘तू रोज बघायला जातोस काय रे?’

बघायला मिळालाच नाही तर काय लिहायचं, हाही प्रश्न आला. कोयना आणि चांदोली मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथला वाघ माणसाला समोरासमोर फारसा भेटत नाही. पाऊलखुणा, विष्ठा, झाडावरचे ओरखडे, झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यातला फोटो यांवरून त्याची नोंद होते. पट्टे प्रत्येकाचे वेगळे, म्हणून कोणता वाघ तेही कळतं. तेव्हा नोंदीत ‘खुणा’ हे एक कलम आम्ही वाढवलं.

आता मी आधी नोंद लिहून घेते, मनोगत मागून. क्रम उलटा केल्यापासून मनोगतंही सुधारली आहेत. भेगेत महिनोन्‌महिने पडलेला, शेपूट दिवसेंदिवस बारीक होत चाललेला धुकचाटा बोलायला लागला की ‘ओळखलंत का मला’ म्हणत नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मागच्या बाकावरचा तो मुलगा वही घेऊन टेबलाशी आला. वडिलांबरोबर गाडीवर कासला जाऊन आला होता. ‘बाई, भेगा बघितल्या. दिसला नाही. पण लेंड्या हुत्या.’ सशाच्या असाव्यात, मी म्हटलं. त्यानं मान हलवली आणि ‘खुणा’च्या कलमाखाली लिहिलं : ‘लेंड्या : हरभऱ्याएवढ्या, गोल, वाळलेल्या. बाई सशाच्या म्हणतात.’