व्हीसीडी कॅल्क्युलेशनवर किती भरवसा ठेवायचा?

सॅम्पल पाठवताना बहुतेक जण एकच विचारतात, रिपोर्टमध्ये आर आला तर तो नक्की आरच ना? आर आणि एस म्हणजे एकाच मॉलिक्यूलची आरशातल्या प्रतिमेसारखी दोन रूपं, त्यांना एनान्शिओमर म्हणतात. तर आमच्या लॅबमध्ये आम्ही आर की एस कसं ठरवतो ते आधी सांगतो. डाव्या आणि उजव्या सर्क्युलर पोलराइज्ड इन्फ्रारेड प्रकाशाच्या शोषणात जो फरक पडतो तो मशीन मोजतं, यालाच व्हीसीडी (व्हायब्रेशनल सर्क्युलर डायक्रोइझम) म्हणतात, आणि हा फरक मूळ शोषणाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. मग डीएफटीने (क्वांटम मेकॅनिक्सवर आधारलेली कॉम्प्युटरवरची गणितपद्धत) एका एनान्शिओमरचा स्पेक्ट्रम काढून जुळवायचा. दुसऱ्याचं वेगळं गणित लागत नाही, सगळी चिन्हं उलटी केली की झालं.

घोळ होतो तो बहुतेक वेळा कन्फॉर्मरमध्ये, म्हणजे बाँड फिरून मॉलिक्यूल जे वेगवेगळे आकार घेतो त्यांच्यात. मॉलिक्यूलला लांब लवचिक साखळी असेल तर तो एकाच वेळी अनेक आकारात असतो, प्रत्येकाचा व्हीसीडी वेगळा, कधीकधी स्पेक्ट्रममधल्या एकाच पट्ट्यावर एकाचं चिन्ह प्लस तर दुसऱ्याचं मायनस, आणि कोणता किती टक्के हे एनर्जीवरून ठरतं. रूम टेंपरेचरला दोन आकारांच्या एनर्जीत नुसती 1 किलोकॅलरी प्रति मोलची चूक झाली की 50-50 चं प्रमाण साधारण 84-16 होतं, आणि एवढी चूक डीएफटीत सहज होते. म्हणून आम्ही बी3एलवायपी आणि बी3पीडब्ल्यू91 अशी दोन्ही फंक्शनल्स (डीएफटीतली एनर्जी काढायची वेगवेगळी सूत्रं) चालवतो, निकाल बदलला तर तसं स्पष्ट लिहितो.

दुसरी गोष्ट सॉल्व्हंटची. कार्बोक्झिलिक ॲसिड क्लोरोफॉर्ममध्ये जोडीने राहतं, त्यामुळे एकट्या मॉलिक्यूलचं गणित केलं तर कार्बोनिलचा (C=O बाँडचा) पट्टा हमखास चुकतो. डीएमएसओत तोच मॉलिक्यूल सॉल्व्हंटला हायड्रोजन बाँडने धरतो, मग सॉल्व्हंटचे एक-दोन मॉलिक्यूल गणितात घ्यावे लागतात. तर सॅम्पल कशात विरघळतं आणि कशात बिघडतं, हे फॉर्मवर जरूर लिहा.

प्रत्येक पट्टाही सारखा विश्वासाचा नसतो बरं का. चिन्ह ठरतं ते इलेक्ट्रिक आणि मॅग्नेटिक ट्रान्झिशन डायपोलमधल्या (त्या कंपनाने होणाऱ्या विद्युत आणि चुंबकीय बदलांच्या दिशांमधल्या) कोनावरून, 90 अंशांच्या आत असेल तर प्लस, पुढे गेला तर मायनस. गणितात 89 आला तर त्या प्लसला काय अर्थ? फंक्शनल बदललं की तो 91 होऊ शकतो, त्यामुळे असे पट्टे आम्ही निकालासाठी धरत नाही, मग ते कितीही छान जुळू देत.

जुळवताना फ्रिक्वेन्सीला साधारण 0.97-0.98 ने गुणावं लागतं, कारण हार्मोनिक गणित (बाँडला आदर्श स्प्रिंग मानणारं) त्या जरा जास्तच दाखवतं. पण पट्टे हवे तसे सरकवत बसलं तर चुकीचा एनान्शिओमरही जुळल्यासारखा दिसतो! म्हणून आधी साधा आयआर (नेहमीचा इन्फ्रारेड शोषणाचा स्पेक्ट्रम) जुळवायचा, तो जमला नाही तर व्हीसीडीकडे बघायचंच नाही.

तीन चिरल सेंटर (जिथे आर की एस ठरवायचं ते अणू) असतील आणि एकाचंही माहीत नसेल तर आठ पर्याय, म्हणजे चार गणितं. अशा वेळी एनएमआरवरून (मॉलिक्यूलची रचना ओळखायची दुसरी चाचणी) सेंटर्सची आपसातली मांडणी आधी कळली तर उत्तम, कारण डायास्टेरिओमरचे (एकमेकांची आरशातली प्रतिमा नसलेल्या रूपांचे) स्पेक्ट्रम एकमेकांसारखे दिसू शकतात आणि नुसत्या व्हीसीडीवर तिथे विसंबणं आम्हाला पटत नाही.

दोन्ही एनान्शिओमर असतील तर दोन्ही पाठवा, वजाबाकी करून बेसलाइनची (शून्य रेषेची) गडबड निघून जाते. दुसरा नसेल तर रेसिमिक (दोन्हींचं निम्मं-निम्मं मिश्रण) तरी पाठवा. आणि रिपोर्टवर 'ठरवता येत नाही' असं आलं तर सोबत कारण असेलच, ते वाचून फोन करा, सॉल्व्हंट बदलून पुन्हा बघता येतं.