फुल सस्पेन्शन माउंटन बाइक : छोट्या ब्रँडची की मोठ्या कंपनीची?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषण्याची सोय असलेली, सायकल घ्यायला येणारे बहुतेक ग्राहक ट्रेक, जायंट, स्कॉट किंवा स्पेशलाइज्डचे एखादे मॉडेल मनाशी धरून येतात. काही जण मात्र कॉटिक, निकोलाय, स्टार्लिंग, ऑरेंज अशा छोट्या युरोपीय ब्रँडची फ्रेम मागवून त्यावर सायकल बांधून मिळेल का, अशी विचारणा करतात. आम्ही दोन्ही कामे करतो, त्यामुळे अमुकच घ्या असा आमचा आग्रह नाही. आमचे मत एवढेच, की सायकल चालायला चांगली असेल का, याची चिंता आज दोन्हीकडे फारशी उरलेली नाही; दोन-तीन पावसाळे काढल्यावर तिचा सुटा भाग कुठून मिळणार हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर फ्रेमवरच्या नावापेक्षा फ्रेमच्या मापांत सापडते.

छोटा आणि मोठा हा भेदही वाटतो तितका स्पष्ट नाही. सांताक्रूझ हा नाव ऐकून अनेकांना छोटा, हौशी मंडळींचा ब्रँड वाटतो. प्रत्यक्षात तो २०१५ पासून नेदरलँड्सच्या पॉन समूहाकडे आहे आणि कॅननडेलही आता त्याच समूहात आहे. उलट बाजूने, छोटा ब्रँड म्हणजे स्वतःचा कारखाना असेही नाही. अनेक लहान-मोठ्या ब्रँडच्या फ्रेम तैवान, चीन किंवा व्हिएतनाममध्ये कंत्राटी कारखान्यांत तयार होतात. जर्मनीतली निकोलाय किंवा इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावी वर्षानुवर्षे ॲल्युमिनियमच्या फ्रेम स्वतः वेल्ड करत आलेली ऑरेंज हे अपवाद म्हणावे लागतील.

पैशांचा हिशेब

मोठी कंपनी गियर, ब्रेक आणि फोर्क (पुढचे चाक धरणारा, धक्के शोषणारा भाग) घाऊक घेते, त्यामुळे तेवढ्याच पैशांत तिच्या पूर्ण सायकलीवर सहसा वरच्या दर्जाचे भाग मिळतात, हे मान्य करायलाच हवे. छोट्या ब्रँडची पूर्ण सायकल परदेशातून मागवणे क्वचितच परवडते. १४० × ८० × २५ सेंटिमीटरच्या खोक्याचे वजन कुरिअर कंपन्या आकारमानावरून, म्हणजे सहसा घन सेंटिमीटरांना ५,००० ने भागून धरतात, त्यामुळे पंधरा किलोच्या सायकलीला ५६ किलोचे भाडे पडते. शिवाय सीमाशुल्काची आकारणी भाडे आणि विमा धरून होणाऱ्या किमतीवर होते आणि वर आयजीएसटी लागतो. म्हणून छोट्या ब्रँडच्या बाबतीत फक्त फ्रेम आणि शॉक (मागच्या चाकाचे धक्के शोषणारा भाग) मागवावा, आणि आपल्या जुन्या सायकलीचे ब्रेक, गियर, हँडल, जे जुळेल ते त्यावर चढवावे, असे आम्ही सुचवतो.

आधी मापे पाहावीत

मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, १४८ मिलिमीटरचा, म्हणजे बूस्ट मापाचा असेल तर चाक मिळायला अडचण येत नाही. पिव्हट किंवा नॉली या ब्रँडच्या काही फ्रेमना १५७ मिलिमीटरचा सुपर बूस्ट हब लागतो. तो मजबूत असतो यात शंका नाही, पण रिमबरोबर हबही गेला तर तसे चाक आपल्याकडच्या दुकानांत तयार मिळण्याची शक्यता कमीच असते. बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो भाग, आट्यांचा, ७३ मिलिमीटरचा असावा, कारण दाबून बसवलेले प्रेसफिट चिखलात काही महिने गेले की अनेकदा कुरकुरू लागते. गियरचा हँगर, म्हणजे मागचा गियर फ्रेमला जोडणारा धातूचा छोटा तुकडा, यूडीएच (युनिव्हर्सल डिरेलर हँगर) आहे का, हे तर आवर्जून विचारावे. गियर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये हा सामायिक हँगर आणला, त्याआधी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असे, आणि एका दगडावर आपटून वाकलेल्या मूठभर धातूसाठी सायकल आठवडेच्या आठवडे उभी राहत असे.

शॉकवर २१० × ५५ अशी लांबी आणि स्ट्रोकची, म्हणजे तो किती दाबला जातो त्या अंतराची, मिलिमीटरमधली मापे छापलेली असतात. अशा प्रचलित मापाचा शॉक असलेल्या फ्रेमवर पुढे फॉक्स किंवा रॉकशॉक्स यांपैकी कोणाचाही शॉक बसू शकतो. फ्रेममध्ये तेवढी जागा आहे याची मात्र खात्री करून घ्यावी. येथे मोठ्या कंपन्या अनेकदा मागे पडतात. स्पेशलाइज्डचा ब्रेन शॉक, ट्रेकचा थ्रू शाफ्ट शॉक, कॅननडेलचा एका पायाचा लेफ्टी फोर्क किंवा २०२१ पासूनच्या स्कॉट स्पार्कमध्ये फ्रेमच्या पोटात दडवलेला शॉक, या सगळ्या विचारपूर्वक केलेल्या रचना आहेत. पण त्यांची दुरुस्ती कोणत्याही वर्कशॉपमध्ये होत नाही. हेडसेटमधून, म्हणजे हँडलखालच्या बेअरिंगमधून, आत गेलेल्या ब्रेकच्या नळ्यांबद्दल तर आमचे मेकॅनिक सभ्य भाषेत बोलत नाहीत, कारण पाच मिनिटांचे बेअरिंग बदलायला ब्रेक सोडून पुन्हा तेल भरावे लागते. जुनी सायकल घेणाऱ्यांनी या गोष्टींची विशेष चौकशी करावी.

पिव्हट आणि बेअरिंग

पिव्हट म्हणजे फ्रेमचा मागचा भाग ज्यावर हलतो तो सांधा. चार सांध्यांच्या मागच्या भागात आठ किंवा त्याहून अधिक बेअरिंग असतात. ऑरेंजसारख्या एकाच पिव्हटच्या रचनेत मुख्य सांध्याची दोनच. ब्रेक दाबताना चार सांध्यांची रचना अधिक मोकळी राहते, पण सह्याद्रीच्या पावसात वर्षभर चालवून देखभालीचा कंटाळा करणाऱ्याला आम्ही एकाच पिव्हटची सायकल निःसंकोच सुचवतो. बेअरिंगच्या सीलवर ६९०२ यासारखा क्रमांक असेल तर ते १५ × २८ × ७ मिलिमीटरचे सर्वसाधारण बेअरिंग असून औद्योगिक मालाच्या दुकानातही मिळते. मात्र पिव्हटसाठी पिंजरा काढून जास्त गोळ्या भरलेले मॅक्स प्रकारचे बेअरिंग जास्त टिकते आणि ते मागवावे लागते.

तपासणी घरीही करता येते. सायकल स्टँडवर धरून शॉकचा एका बाजूचा बोल्ट काढावा आणि मागचे चाक हाताने सावकाश वर-खाली करावे. हालचाल खरखरीत लागली, मध्येच अडकली किंवा चाक आडवे हलले, तर बेअरिंग गेले असे समजावे. प्रेशर वॉशरचा झोत सांध्यांवर मारू नये, ही विनंती आम्ही प्रत्येक बिलावर छापतो.

वजन आणि शॉक

हा मुद्दा जाहिरातींत फारसा येत नाही. मागच्या चाकाच्या ट्रॅव्हलला, म्हणजे ते वर-खाली जितके मिलिमीटर हलते त्याला, शॉकच्या स्ट्रोकने भागले की सरासरी लिव्हरेज रेशो मिळतो : १५० भागिले ५५ म्हणजे सुमारे २.७, आणि १३० भागिले ५५ म्हणजे सुमारे २.४. रेशो जितका कमी, तितकी शॉकमध्ये हवा कमी भरावी लागते, आणि पंचावन्न-साठ किलोच्या चालकाच्या बाबतीत ती इतकी कमी होऊ शकते की रिबाउंडचा, म्हणजे दबलेला शॉक परतण्याचा वेग ठरवणारा, स्क्रू पूर्ण उघडूनही चाक हळूच परतते व लागोपाठच्या दगडांवर सायकल खाली खाली बसत जाते. मोठ्या कंपनीचा शॉक सरासरी वजन गृहीत धरून कारखान्यात ठरतो. अनेक छोटे ब्रँड मात्र ऑर्डर घेतानाच वजन विचारतात आणि त्यानुसार शॉक देतात. हलक्या वजनाच्या ग्राहकांसाठी हा मोठाच फायदा आहे. सॅग, म्हणजे चालक नुसता बसल्यावर शॉक जितका दबतो ते माप, दोन्हीकडे २५ ते ३० टक्के, म्हणजे ५५ मिलिमीटरच्या स्ट्रोकवर १४ ते १६ मिलिमीटर ठेवावा.

वॉरंटी

मोठ्या कंपनीची वॉरंटी येथील विक्रेत्यामार्फत मिळते, तर छोट्या ब्रँडची फ्रेम बहुधा परत पाठवावी लागते. ते भाडे कोण देणार हे ईमेलवर लेखी घ्यावे. दोन्हीकडे वॉरंटी बहुतेक वेळा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. कंपनी टिकेल का, या शंकेला मात्र आकारावरून उत्तर देता येत नाही : ऑरेंज २०२४ च्या सुरुवातीला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत जाऊन पुन्हा उभी राहिली, तर पॉन समूहातल्या जीटीने त्याच वर्षाच्या अखेरीस नवी मॉडेल आणणे थांबवत असल्याचे जाहीर केले.

म्हणून कोणतीही फ्रेम घेतली तरी ऑर्डरमध्येच दोन हँगर, पिव्हट बेअरिंगचा एक पूर्ण संच, पिव्हटचे बोल्ट आणि मागचा एक ॲक्सल लिहून द्यावा. फ्रेमच्या खोक्यात तेवढी जागा असतेच, आणि त्यांचे वेगळे भाडे सहसा पडत नाही. सायकल आमच्याकडून घेतलेली नसली तरी तिच्या मापांचा तक्ता घेऊन आल्यास कोणते भाग येथे मिळतील आणि कोणते मागवावे लागतील, हे आम्ही विनामूल्य सांगतो.