आधी टाळी वाजवा, मग प्रोजेक्टर घ्या

भाचा पुण्याला होस्टेलवर गेला आणि ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधली ताई-भावोजींची तिसरी बेडरूम रिकामी झाली. इथे होम थिएटर करायचं, हे भावोजींनी त्याच्या ॲडमिशनच्याही आधी ठरवून टाकलं असावं. मी गेलो तेव्हा कोटेशन तयार होतं: खाली सात स्पीकर, छतात चार, नुसता खर्ज वाजवणारे बारा इंची दोन सबवूफर आणि ४००० ल्युमेन उजेड फेकणारा प्रोजेक्टर. दुकानदाराने तीन पानं भरली होती. खोलीचं माप मात्र त्यात कुठेच नव्हतं.

मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो आणि जोरात एक टाळी वाजवली. टाळीच्या पाठोपाठ टर्रर्र असा आवाज आला. लहानपणी सायकलच्या स्पोकमध्ये पुठ्ठा अडकवून फिरवायचो, तसा.

"हे काय होतं?" भावोजींनी विचारलं.

"हेच तुमचं थिएटर. स्पीकर कुठलेही घ्या, त्यांच्या आवाजात हे मिसळणारच."

खोली दहा फूट रुंद, बारा फूट लांब, साडेनऊ फूट उंच. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आपल्याकडच्या २८ अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४८ मीटर जातो. समोरच्या भिंतीपर्यंत जाऊन परत यायचं तर ६.१ मीटर. म्हणजे टाळीचा आवाज दोन भिंतींमध्ये सेकंदाला ५७ फेऱ्या मारतो, आणि कानाला त्याचा टर्रर्र होतो. हा ५७ लक्षात असू द्या, पुढे त्याने आम्हाला बराच त्रास दिला.

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात असं कधी ऐकू आलं नाही. भिंती तिथेही कडकच होत्या, पण खोलीत गाद्यांची चळत, कपड्यांनी भरलेली लाकडी कपाटं, दोरीवरचे कपडे. नव्या टॉवरमधल्या मिवान पद्धतीच्या बांधकामात विटा नसतातच, भिंतीसुद्धा सलग काँक्रीटच्या. अंगावर आलेल्या आवाजापैकी जेमतेम दोन टक्के काँक्रीट पोटात घालतं, बाकीचा जसाच्या तसा परत पाठवतं. त्या भिंतीत वायरींसाठी खाचा पाडायलाही सोसायटी परवानगी देत नाही, ते वेगळंच दुखणं.

या परत येणाऱ्या आवाजाचं गणित पहिल्यांदा मांडलं हार्वर्डच्या वॉलेस सबाइन यांनी. १८९५ साली विद्यापीठाच्या नव्या कलासंग्रहालयातल्या व्याख्यानाच्या दालनात वक्त्याचं बोलणंच कळेना, म्हणून हा तरुण प्राध्यापक कामाला लागला. जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची, आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि पहाटेच्या आत गाद्या जागच्या जागी परत. रिकाम्या दालनात बोललेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्यातून निघालेलं सूत्र सोपं आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, ०.१६१ ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने (प्रत्येक पृष्ठभागाचं क्षेत्रफळ गुणिले तो आवाजाचा किती वाटा पोटात घालतो, यांची बेरीज) भागा. आवाज ६० डेसिबलने उतरायला लागणारे सेकंद मिळतात. भावोजींच्या रिकाम्या खोलीत उत्तर आलं दोन सेकंदांच्या वर. घरी सिनेमा नीट ऐकायचा तर ते ०.३ ते ०.४ च्या आसपास हवं. दोन सेकंद रेंगाळणाऱ्या खोलीत पुढचं अक्षर मागच्या अक्षरावर चढतं. मग आपण आवाज वाढवतो, आणि खोलीही तेवढंच जास्त परत करते.

ताईने माळ्यावरून चार गोधड्या काढल्या आणि दोन दारांवर, दोन खिडकीच्या दांडीवर टाकल्या. पुन्हा टाळी. टर्रर्र निम्म्याहून कमी झाला होता. भावोजींना हे भलतंच आवडलं. कोटेशनमधला पहिला आकडा खाली आणण्याचं श्रेय आईने शिवलेल्या गोधड्यांना जातं. (अंड्यांचे ट्रे लावायचा सल्ला हमखास मिळतो. तो पातळ पुठ्ठा थोडेसे वरचे सूर चिरडतो आणि खोलीला कोंबड्यांच्या खुराड्याची कळा आणतो, एवढंच.)

पण गोधडीची ताकद वरच्या सुरांपुरतीच. सच्छिद्र वस्तूने आवाज नीट शोषायचा तर तिची जाडी, मागची पोकळी धरून, लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्श्याजवळ लागते. १००० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांची, लहर ३५ सेंटिमीटरची, तिथे आठ-नऊ सेंटिमीटर पुरतात. ५० हर्ट्झची लहर सात मीटरची. तिला थोपवायला पावणेदोन मीटर जाडीची गोधडी कोण शिवणार? विसर्जनाच्या मिरवणुकीत दोन गल्ल्या पलीकडचं गाणं कळत नाही, पण खिडकीची काच मात्र ढुम ढुम थरथरते, ती याच लांब लहरींमुळे.

आणि इथे तो ५७ परत येतो. रुंदीत सेकंदाला ५७ फेऱ्या बसतात, म्हणून ५७ हर्ट्झचा सूर वाजला की प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर नेमकी स्वार होते आणि खोली स्वतःच वाजू लागते. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो चढत जातो, तसंच. लांबीचा असा सूर निघतो साडेसत्तेचाळीस हर्ट्झच्या आसपास, उंचीचा ६०. रुंदी आणि उंची जवळजवळ सारखी असल्याने ५७ आणि ६० शेजारी शेजारी येतात आणि खर्जाच्या त्या पट्ट्यात दुहेरी गुरगुर होते. अगदी चौकोनी ठोकळ्यासारखी खोली सर्वांत वाईट का, ते यावरून कळावं. तिच्यात तिन्ही सूर एकाच जागी येऊन बसतात.

हे कागदावर पटवण्यापेक्षा ऐकवणं सोपं. मी एका मित्राचा सबवूफर दोन दिवसांसाठी मागून आणला, पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला आणि मोबाइलवरून साडेसत्तेचाळीस हर्ट्झचा एकच सूर लावला. भावोजी मागच्या भिंतीला टेकले, पोटात हादरा बसला. चार पावलं पुढे आले, खोलीच्या मधोमध, आणि आवाज गेला. बंद पडला की काय म्हणून ते सबवूफरकडे बघायला लागले. तो तर जोरात धडधडत होता. लांबीच्या पहिल्या सुराचा दाब दोन्ही भिंतींशी सर्वांत जास्त आणि बरोबर मध्यावर शून्य असतो. दुकानदाराने दिलेले दोन लाखांचे सबवूफरही त्या जागी बसणाऱ्याला तो सूर ऐकवू शकले नसते.

सोफा म्हणून ना मागच्या भिंतीला, ना मध्यावर. आम्ही कान पडद्यापासून २.६ मीटरवर आणले, मागे साधारण एक मीटर मोकळा राहिला. सबवूफरची जागा शोधायची युक्तीही जुनीच आहे: सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, खर्जातलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर रांगत ऐकत जायचं. जिथे खर्ज सपाट, स्वच्छ वाटेल तिथे सबवूफर. ऐकणारा आणि वाजवणारा यांची अदलाबदल केली तरी खोलीचं वागणं बदलत नाही, म्हणून हे जमतं. अठ्ठावन्न वर्षांचे भावोजी रांगताहेत याचा व्हिडिओ ताईने भाच्याला पाठवला. जागा निघाली डाव्या भिंतीवर, दारापासून दोन हातांवर.

एवढं झाल्यावर स्पीकर निवडणं हलकं होतं. दुकानात वॅट सांगतात. नव्वदच्या दशकात टेपरेकॉर्डरवर 'पीएमपीओ'चे, म्हणजे क्षणिक शिखराच्या नावाखाली फुगवलेले, हजारो वॅट छापलेले असायचे, त्याच खानदानातली ही सवय. बघायची ती संवेदनशीलता: एक वॅटच्या जवळपास ताकद दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल. ८७ डेसिबलचा स्पीकर घ्या. भिंतींची मदत धरून सोफ्यापर्यंत पाचेक डेसिबल गळतात, उरले ८२. थिएटरात एका मुख्य स्पीकरची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत धरलेली असतात. फ्लॅटमध्ये माणूस त्याच्या बारा डेसिबल तरी खालीच ऐकतो, म्हणजे ९३. मधले अकरा डेसिबल भरून काढायला साधारण १३ वॅट पुरतात. तेही क्षणभर. ५० चा ॲम्प्लिफायर सोडून १०० चा घेतला तर वाढ फक्त तीन डेसिबलची, कानाला जेमतेम जाणवेल इतकी. उलट ८६ ऐवजी ९२ डेसिबलचा स्पीकर घेतला की चौपट वॅटचं काम फुकटात होतं.

आणि पैसे ओतायचेच असतील तर मधल्या स्पीकरवर ओता. सिनेमातलं बहुतेक बोलणं तिथूनच येतं. संवाद कळत नाहीत ही घरोघरची तक्रार, आणि तरी मधला स्पीकर सेटमध्ये सर्वांत छोटा घेऊन टीव्हीच्या कपाटात कोंबतात. तो पडद्याच्या खाली, किंचित वर मान करून ठेवा. डावा-उजवा सोफ्यापासून दोन्हीकडे तीस-तीस अंशांवर, बाजूचे दोन कानांच्या जरा मागे. छतातले चार आम्ही रद्द केले. साडेनऊ फुटी छताखाली ते डोक्याच्या इतके जवळ येतात की पाऊस आभाळातून न पडता पंख्यातून पडतो असं वाटतं. हे माझं मत, काही जण भांडतील.

प्रोजेक्टरच्या बाबतीत खोली कानांऐवजी डोळ्यांना फसवते. ४००० ल्युमेन कशाला? थिएटरच्या पडद्याची प्रमाणित चमक चौरस मीटरला ४८ कँडेला. नव्वद इंची पडद्याचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटरच्या आत भरतं. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढी चमक आणायला सुमारे ३४० ल्युमेन पुरतात! दिवा जुना होतो, रंग नीट लावल्यावर उजेड उतरतो, म्हणून दुप्पट-तिप्पट धरा. खऱ्या मापाचे हजार ल्युमेन मिळाले की अंधाऱ्या खोलीत काम झालं. खऱ्या मापाचे म्हणजे 'एएनएसआय' किंवा 'आयएसओ' लिहिलेले. नुसतं 'ल्युमेन' किंवा 'एलईडी ल्युमेन' दिसलं की पीएमपीओ आठवा.

खरी अडचण काळ्या रंगाची. काळा उजेड नावाची गोष्ट नसते, त्यामुळे प्रोजेक्टर काळा टाकूच शकत नाही. तो फार तर उजेड थांबवतो. पडद्यावरचा काळा म्हणजे खोलीत पडदा जितका काळा दिसतो तितकाच. वरच्या ३४० ल्युमेनने पडद्यावर सुमारे १५० लक्स (चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) उजेड पडतो. दुपारी खिडकीच्या पातळ पडद्यातून १५ लक्स आत येऊन त्यावर पडला, तर पांढरा १६५ आणि काळा १५. फक्त ११ पट फरक. प्रोजेक्टरच्या खोक्यावर लाखाला एक लिहिलेलं असू दे, तुमच्या खोलीत अकराला एकच. खिडकी बंद केली तरी पांढरं पीओपीचं छत आहेच, पडद्याचा उजेड उचलून पुन्हा पडद्यावरच टाकायला. म्हणून पडद्याजवळचं छत आणि बाजूच्या भिंती गडद, बिनचमकीच्या रंगाच्या हव्यात. "खोली आहे की फोटोवाल्याची डार्करूम?" असं ताई म्हणाली आणि शेवटी गडद वांगी रंगावर तडजोड झाली. खिडकीला जाड काळ्या अस्तराचा पडदा आला, गोधड्या माळ्यावर परतल्या.

निवडीसाठी आम्ही वाशीच्या एका दुकानात गेलो. तिथे प्रोजेक्टरच्या झोतात बोटं भराभर हलवली तर एकाच्या पडद्यावर सावलीच्या कडा लाल, हिरव्या, निळ्या फुटल्या. हा एका चिपचा डीएलपी. १९८७ साली टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी लाखो सूक्ष्म आरशांच्या चिपचं तंत्र शोधलं, त्यावर हे प्रोजेक्टर चालतात. यात तिन्ही रंग एकामागून एक पडद्यावर येतात आणि डोळा ते एकत्र करतो. नजर झटकन फिरली की काहींना इंद्रधनुष्य दिसतं. मला दिसतं, भावोजींना अजिबात नाही. तीन एलसीडीचा प्रोजेक्टर तिन्ही रंग एकदमच टाकतो, पण त्यातला काळा बऱ्याचदा करडा राहतो. विकत घ्यायच्या आधी बोटांची ही चाचणी करा, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

फोर-केचा मोह किती धरावा? आपली नजर साधारण एका कलेचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक ओळखते. २.६ मीटरवरून नव्वद इंची फुल एचडीचा एक ठिपका १.४ कलांचा दिसतो, फोर-केचा ०.७ चा. तीक्ष्ण डोळ्यांना फरक कळेल, चष्मेवाल्यांनी वाचलेले पैसे मधल्या स्पीकरला द्यावेत. चित्र तिरकं आलं तर की-स्टोनचं बटण दाबू नका, ते ठिपके कापून चित्र सरळ करतं. प्रोजेक्टर सरळच टांगा. आणि खाडीकाठच्या हवेत जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा तरी तो तासभर चालवा, नाहीतर लेन्सवर बुरशी चढते.

राहिले शेजारी. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे. पण ते डेसिबल 'ए' मापाचे. ५० हर्ट्झच्या आवाजातून हे माप तब्बल ३० डेसिबल वजा करतं. मीटर शांत असतो आणि खालच्या मजल्यावर मांडणीतली ताटं वाजतात. सबवूफरखाली जाड रबर घातला, स्लॅबमध्ये जाणारी थरथर कमी झाली. हवेतून जाणारा खर्ज तेवढाच आहे, म्हणून दहानंतर तो बंद.

५७ ची गुरगुर अजून पूर्ण गेलेली नाही. त्याच्या समोरच्या, म्हणजे उजव्या भिंतीच्या मध्यावर दुसरा छोटा सबवूफर ठेवला तर ती बरीच दबेल, असं मी भावोजींना सांगितलंय. त्यांनी मोजपट्टी काढली आहे. ताईला अजून माहीत नाही.