ब्रिटनच्या किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर फिरवायचाय? परवानगी, नियम आणि लागणारे कागद

इंग्लंडला लेकीकडे राहायला गेलेले आई-बाबा, शिकायला गेलेली मुलं, नाहीतर पंधरा दिवसांच्या सहलीवरचं कुटुंब. ओहोटीला ओल्या वाळूत डिटेक्टर घेऊन फिरणारी माणसं दिसली की आपणही एकदा करून बघावं असं वाटतंच. मग पहिला प्रश्न येतो तो परमिटचा: कुठे मिळतं, फी किती, किती दिवस आधी अर्ज करायचा?

इंग्लंड आणि वेल्सपुरतं उत्तर सोपं आहे. बऱ्याच किनाऱ्यांवर अर्जच नाही आणि फीही नाही. खरी कागदपत्रं सुरू होतात ती वस्तू हाताला लागल्यावर, आणि आपल्यासारख्या पाहुण्यांची गाडी नेमकी तिथेच अडते, कारण परतीचं तिकीट आधीच काढलेलं असतं.

कोणाला करता येतं

नागरिकत्वाची किंवा कायमच्या वास्तव्याची अट नाही. व्हिजिटर व्हिसावर फिरायला आलेला माणूस छंद म्हणून हे करू शकतो. डिटेक्टर बाळगायला किंवा विकत घ्यायला लायसन्स लागत नाही, काही ठिकाणी तो भाड्यानेही मिळतो. क्लबचं सदस्यत्व घेण्याचीही कायद्याने सक्ती नाही. तेव्हा प्रश्न तुम्ही कोण याचा नाही, पायाखालची वाळू कोणाची याचा आहे.

वाळू कोणाची?

'पब्लिक बीच' म्हणजे सगळ्यांना मोकळा, इतकंच. मालक त्यालाही असतो. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधला पट्टा इंग्लंड-वेल्समध्ये साधारण निम्म्या ठिकाणी क्राउन इस्टेटच्या, म्हणजे राजमुकुटाच्या नावावरच्या जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या ताब्यात आहे. पूर्वी क्राउन इस्टेट त्यासाठी ऑनलाइन परमिट देत असे. आता तेही लागत नाही. त्यांच्या वेबसाइटवर नकाशा आहे. त्यात तुमचा किनारा परवानगीच्या भागात दिसला, तर औपचारिक संमती न घेता डिटेक्टर फिरवता येतो. खड्डे बुजवणं, इतरांना त्रास न देणं आणि सापडलेल्या वस्तूंबाबतचे कायदे पाळणं एवढी अपेक्षा असते.

यात पहिली मेख अशी की ही मुभा फक्त भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या वाळूपुरती आहे. तिच्या वरची कोरडी वाळू, जिथे लोक टॉवेल अंथरून पडलेले असतात आणि जिथे नाणी-अंगठ्या जास्त पडतात, ती बहुतेक वेळा स्थानिक कौन्सिलची किंवा खाजगी मालकाची असते. शिवाय क्राउन इस्टेटने काही पट्टे कौन्सिलला किंवा इतरांना भाडेपट्ट्याने दिलेले असतात. तिथे भाडेकरूची परवानगी लागते. कॉर्नवॉलकडे बराच किनारा डची ऑफ कॉर्नवॉलचा आहे आणि लँकेशरकडे डची ऑफ लँकेस्टरचा. या राजघराण्याच्या वेगळ्या जहागिरी. क्राउन इस्टेटची सूट या दोन्ही ठिकाणी चालत नाही.

नॅशनल ट्रस्ट ही जुन्या वास्तू आणि निसर्गस्थळं जपणारी संस्था. तिच्या किनाऱ्यांचा विचार सरळ सोडून द्या. डॉर्सेटमधला स्टडलँडचा किनारा दिसायला सुरेख आहे, पण तो ट्रस्टकडे आहे आणि ट्रस्ट आपल्या जागांवर हौशी डिटेक्टिंगला परवानगी देत नाही. लंडनमधला थेम्सचा काठही डोक्यातून काढा. तिथे भरती-ओहोटी होते, ओहोटीला काठ उघडाही पडतो, पण पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीच्या परमिटशिवाय डिटेक्टर तर सोडाच, नुसत्या डोळ्यांनी शोधून वस्तू उचलणंसुद्धा नियमबाह्य आहे. परमिटसाठी इतकी मोठी रांग आहे की सहलीला आलेल्या माणसाचा नंबर लागणार नाही.

कौन्सिलची परवानगी घ्यायची तर बहुतेक ठिकाणी साधा ईमेल पुरतो. किनाऱ्याचं नाव, कोणत्या तारखांना येणार, फक्त हातातलं खुरपं किंवा चाळणीचा स्कूप वापरणार, खड्डे बुजवणार, सापडलेल्या वस्तूंची नियमाप्रमाणे नोंद करणार, एवढं चार ओळींत लिहायचं. भारतातून निघण्यापूर्वीच लिहा, उत्तर यायला वेळ लागतो. काही कौन्सिल उन्हाळ्याच्या गर्दीत दिवसा मनाई करतात आणि फक्त सकाळी लवकर किंवा संध्याकाळी परवानगी देतात. उत्तर लेखी घ्या. वाळूवर भेटलेला एखादा जुना डिटेक्टरवाला "अहो, काही लागत नाही, करा बिनधास्त" असं म्हणाला, तरी ती परवानगी नव्हे.

जिथे मालकाची परवानगीही पुरत नाही

संरक्षित पुरातन स्थळांवर १९७९ च्या कायद्यानुसार सरकारी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं हा गुन्हा आहे. इंग्लंडमध्ये ही संमती हिस्टॉरिक इंग्लंड ही सरकारी संस्था देते. किनाऱ्याजवळचे जुने किल्ले, तटबंदी, काही ठिकाणी वाळूतली बांधकामंसुद्धा या यादीत असतात. निसर्गाच्या दृष्टीने राखीव ठेवलेले पट्टे, संरक्षित जहाजांचे अवशेष आणि लष्कराच्या हद्दीतले किनारेही टाळा. हे सगळं नकाशावर आधी बघता येतं. नवख्या माणसाने अशा जागांसाठी अर्ज करत बसू नये. शेजारचा साधा किनारा गाठावा.

सोबत काय ठेवायचं

पासपोर्टची फोटोकॉपी किंवा मोबाइलमधला फोटो, परवानगीच्या ईमेलची प्रत, क्राउन इस्टेटच्या नकाशाचा स्क्रीनशॉट आणि त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक. शेवटचा कागद कोणी विचारत नाही, पण सगळ्यांत महत्त्वाचा तोच. ब्रिस्टल चॅनेलमध्ये भरती-ओहोटीचा फरक जगातल्या सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक आहे, आणि मोरकॅम बेमध्ये माणूस रुतेल अशी वाळू आहे. कोकणात वाढलेल्यांनीसुद्धा तिथे आपल्या अंदाजावर जाऊ नये.

मशीनबद्दल थोडं. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे स्वस्त डिटेक्टर खारट ओल्या वाळूत उगाच ओरडत राहतात. त्यामुळे भाड्याने घेताना मल्टी-फ्रिक्वेन्सी मागा. कॅनची ओढायची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा आवाज जवळजवळ सारखा येतो, तेव्हा पहिल्या दिवशी कड्याच जास्त निघणार. त्या पुन्हा वाळूत टाकू नका, पिशवीत भरा.

सापडलं, आता पुढे?

बहुतेकदा सापडते ती कालपरवा कोणाची तरी हरवलेली वस्तू. समजा, स्कूपमधली वाळू गळाली आणि अंगठी राहिली. आतल्या बाजूला बारीक ठसे दिसतील. ३७५ असेल तर नऊ कॅरेट सोनं. आपल्याकडे ९१६ पाहायची सवय, म्हणून ३७५ दिसल्यावर अनेकांना ती खोटी वाटते, पण तिथे नऊ कॅरेटच्या अंगठ्या सर्रास वापरतात. नांगराचा ठसा म्हणजे बर्मिंगहॅमला तपासलेली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला. शेजारच्या अक्षरावरून वर्षही काढता येतं. आत नाव किंवा लग्नाची तारीख कोरलेली असेल तर मालक सापडण्याची बरीच शक्यता असते. तो शोधण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता वस्तू ठेवून घेणं १९६८ च्या चोरीविषयक कायद्यात बसतं. पोलिसांच्या १०१ या नंबरवर किंवा कौन्सिलकडे नोंद करा. फेसबुकवरच्या गावातल्या ग्रुपवर टाकायचं असेल तर कोरलेला मजकूर दाखवू नका. तो जो अचूक सांगेल, तोच मालक.

जुनी वस्तू असेल तर १९९६ चा ट्रेझर अॅक्ट लागू होतो. किमान ३०० वर्षं जुनी आणि वजनाच्या किमान १० टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू 'ट्रेझर' ठरू शकते. नाण्यांचं गणित वेगळं आहे. तेवढीच जुनी, सोन्या-चांदीची दोन किंवा जास्त नाणी एकाच जागी मिळाली तर ती ट्रेझर. तांब्या-पितळेची असतील तर किमान दहा लागतात. सुटं एक नाणं सहसा यात येत नाही. ३० जुलै २०२३ पासून आणखी एक वर्ग वाढला: धातूचा अंश असलेली, किमान २०० वर्षं जुनी आणि इतिहासाच्या दृष्टीने असाधारण महत्त्वाची वस्तू. हा बदल सुचण्यामागे एक प्रसिद्ध प्रकरण होतं. २०१० मध्ये कंब्रियात क्रॉसबी गॅरेटजवळ रोमन काळातलं मुखवट्यासह घडवलेलं शिरस्त्राण सापडलं. ते तांब्याच्या मिश्रधातूचं आणि एकटंच, त्यामुळे जुन्या व्याख्येत बसलं नाही. लिलावात ते २० लाख पाउंडांच्या वर गेलं आणि म्युझियमला बघत बसावं लागलं.

ट्रेझर असण्याची शक्यता वाटली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. हे दिवस वस्तू सापडल्यापासून किंवा ती ट्रेझर असू शकते हे तुमच्या लक्षात आल्यापासून मोजतात. कायद्यात नाव कॉरोनरचं, म्हणजे ट्रेझरची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याचं आहे, प्रत्यक्षात मात्र त्या भागाच्या फाइंड्स लिआझॉन ऑफिसरकडे, म्हणजे सापडलेल्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जायचं. हे ऑफिसर ज्या नोंदणी योजनेचे असतात त्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या वेबसाइटवर जिल्हावार यादी मिळते. न कळवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

ऑफिसर काय विचारतो? वस्तू नेमकी कुठे मिळाली, कधी, किती खोलीवर, जागा कोणाची आणि परवानगी होती का. म्हणून वाळूतून काढतानाच मोबाइलवर फोटो काढा, एक जवळून आणि एक मागे धक्का किंवा जेटी दिसेल असा, आणि लोकेशन सेव्ह करा. वस्तू घासू नका. पितांबरी तर अजिबात लावू नका, अभ्यासाच्या दृष्टीने तिची अर्धी किंमत तिथेच धुतली जाते. वस्तू जमा केली की पावती मिळते, ती जपून ठेवा. पुढची चौकशी आणि मूल्यांकन अनेकदा वर्षभराच्या वर चालतं. तेव्हा पत्रव्यवहारासाठी मुलीचा किंवा मित्राचा तिथला पत्ता द्या. म्युझियमने वस्तू घेतली तर बक्षीस मिळतं आणि ते साधारणपणे शोधणारा आणि जागेचा मालक यांच्यात निम्मं-निम्मं वाटलं जातं. परवानगीशिवाय शोधलं असेल तर तुमचा वाटा कमी होतो किंवा जातोच.

परतीचं विमान पाच दिवसांवर असेल तर १४ दिवस आहेत म्हणून निवांत बसू नका. निघण्याआधीच वस्तू जमा करा.

तिसरा प्रकार जहाजाच्या मालाचा. फुटलेल्या किंवा बुडालेल्या जहाजाचा कोणताही भाग, त्यातलं सामान किंवा समुद्रात पडलेला माल किनाऱ्यावर मिळाला तर तो 'रेक' ठरतो, मग तो दोनशे वर्षांपूर्वीचा असो की गेल्या आठवड्यातला. याची माहिती रिसीव्हर ऑफ रेक या अधिकाऱ्याला २८ दिवसांत द्यावी लागते. फॉर्म ऑनलाइन भरता येतो, फी नाही. न कळवल्यास २,५०० पाउंडांपर्यंत दंड आणि वर मालकाला दुप्पट किंमत द्यावी लागू शकते. कळवल्यास मालकाला पुढे यायला एक वर्ष देतात. कोणी आलं नाही तर वस्तू पुष्कळदा शोधणाऱ्यालाच देतात. जानेवारी २००७ मध्ये डेव्हनच्या ब्रॅन्सकम किनाऱ्यावर एमएससी नापोली जहाजावरचे कंटेनर वाहून आले, तेव्हा लोकांनी अक्षरशः बीएमडब्ल्यू मोटरसायकली ढकलत घरी नेल्या. शेवटी किनाराच बंद करावा लागला. किनाऱ्याला लागलं म्हणजे आपलं झालं, हा समज तिथेही पक्का आहे.

आणि चौथा: वाळू, शिंपले आणि गंज एकत्र थिजून झालेला काळपट, जड गोळा. तो फोडून बघू नका. दुसऱ्या महायुद्धातले न फुटलेले बॉम्ब ब्रिटनच्या किनाऱ्यांवर आजही निघतात. हात न लावता मागे सरा, ९९९ लावा आणि कोस्टगार्ड मागा.

घरी आणायचं असेल तर

पाहुणे फसतात ते इथे. समजा, अठराव्या शतकातल्या बुटाचं पितळी बक्कल सापडलं. ते ट्रेझर नाही आणि जहाजाचंही नाही. मालकाची हरकत नाही, लिआझॉन ऑफिसरने नोंद करून परत दिलं. तरीही ते सरळ बॅगेत टाकून मुंबईच्या विमानात बसता येत नाही. ब्रिटनच्या जमिनीतून निघालेली, ५० वर्षांहून जुनी पुरावस्तू देशाबाहेर न्यायला एक्स्पोर्ट लायसन्स लागतं, किंमत कितीही कमी असो. अर्ज आर्ट्स काउन्सिल इंग्लंडकडे करायचा. वस्तूचं वर्णन, फोटो, सापडल्याची जागा आणि मालकी ही माहिती जोडावी लागते. पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमकडच्या नोंदीचा क्रमांक इथे उपयोगी पडतो. नाणं असलं तरी विचारल्याशिवाय नेऊ नका. वेळ नसेल तर वस्तू नातेवाइकांकडे ठेवा आणि लायसन्स आल्यावर पुढच्या खेपेला आणा.

स्वतःचा डिटेक्टर नेत असाल तर खुरपं आणि स्कूप चेक-इन बॅगेत, सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेत.

हद्द ओलांडली की नियम बदलतात

स्कॉटलंडमध्ये ३०० वर्षांची अट नाही. पुरातत्त्वाच्या दृष्टीने महत्त्वाची कोणतीही वस्तू ट्रेझर ट्रोव्ह युनिटला कळवावी लागते. उत्तर आयर्लंडमध्ये पुरावस्तूंच्या शोधासाठी खणायला लायसन्स हवं. आयर्लंड प्रजासत्ताकात सरकारी संमतीशिवाय पुरावस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं हाच गुन्हा आहे, किनारासुद्धा सुटलेला नाही. डब्लिनची सहल जोडली असेल तर मशीन इंग्लंडमध्येच ठेवून जा.

परत आल्यावर अलिबागला किंवा मालवणला तेच मशीन काढण्याचा मोह होईल. आपल्याकडे १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून आहे. जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. १८७८ पासून ती रक्कम दहा रुपयेच आहे. कुलाबा आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, तिथे खुरपं लावायचंच नाही.