कार्बोरेटर फेकू नका, आधी उघडून बघू

नमस्कार. तुमच्याकडे पद्मिनी असेल, अँबेसेडर असेल, नाहीतर आजोबांच्या वेळची मॉरिस मायनर असेल, आणि ती सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देत असेल, सिग्नलला बंद पडत असेल, पेट्रोल पिऊन काळा धूर सोडत असेल, तर हे दोन पानी कागद तुमच्यासाठी आहे. कोल्हापुरात उद्यमनगरच्या जवळ आमचं छोटंसं गॅरेज आहे, जुन्या गाड्यांचे कार्बोरेटर (इंजिनाला हवा-पेट्रोलचं मिश्रण करून देणारा भाग) हेच आमचं मुख्य काम. येणारे बरेच जण आल्या आल्या एकच सांगतात, कार्बोरेटर गेलाय, नवीन टाका. आमचं म्हणणं असतं की थांबा, घाई करू नका, कारण जो बसलाय तो कंपनीचा असेल तर त्याच्या तोडीचा आज बाजारात मिळणं अवघड आहे.

आणि आधी हेही बघायला पाहिजे की दोष खरंच कार्बोरेटरचा आहे का. सीबी पॉइंट (प्लगच्या ठिणगीचा स्विच) जळालेला, त्याचा कंडेन्सर वीक, प्लगचा गॅप वाढलेला, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) टाइट, ठिणगीचं टायमिंग हललेलं, यातलं काहीही असलं तरी गाडी मिसिंग करते आणि शिव्या बिचाऱ्या कार्बोरेटरला बसतात. म्हणून गाडी आली की आम्ही पहिले प्लग काढतो. तोंड बिस्किटासारखं तपकिरी असलं तर मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) ठीक, काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरंफटक असेल तर कमी. मग एअर क्लीनर काढून, इंजिन बंद ठेवून, हातानं थ्रॉटल (अ‍ॅक्सिलरेटरनं उघडणारी झडप) ओढायचा आणि कार्बोरेटरच्या घशात बघायचं, पेट्रोलची बारीक सरळ चिळकांडी उडायला पाहिजे. उडाली नाही तर कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) कडक झालाय, पाय दाबल्यावर गाडी आधी अडखळते आणि मग पळते ती बहुतेक त्याच्यामुळे. हे तुम्ही घरीसुद्धा बघू शकता, फक्त जवळपास बिडी-सिगारेट नको. (मॉरिसला एसयू बनावटीचा कार्बोरेटर असतो त्याला हा पंप नसतोच, तिथं वरच्या डॅशपॉटमधलं, म्हणजे वरच्या नळकांड्यातलं, तेल संपलं की अगदी हाच त्रास होतो, पातळ तेल घातलं की बरेचदा काम झालं.)

मागच्या पावसाळ्यात मिरजेच्या एका काकांची पद्मिनी आली होती. तीन ठिकाणी ट्युनिंग करून झालेलं, एकानं नवीन किटपण (रबर-पॅकिंगचा संच) टाकलेलं, तरी ओव्हरफ्लो थांबत नव्हता. आम्ही फ्लोट (पेट्रोलवर तरंगून त्याची लेव्हल राखणारा पोकळ डबा) काढला आणि काकांच्या कानाशी धरून हलवला, आत पेट्रोल डुचमळत होतं. पितळी फ्लोटला केसाएवढी चीर होती, त्यातून पेट्रोल आत जाऊन तो जड झालेला, जड फ्लोट खाली बसतो, निडल (पेट्रोल अडवणारी सुई) पूर्ण बंद होत नाही, पेट्रोल वाहतच राहतं. गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे येतात, चीर कुठंय ते लगेच कळतं. डाग देऊन बुजवता येते पण डाग अगदी कमी द्यायचा, कारण वजन वाढलं की लेव्हल परत चुकते. काकांना ते सगळं समोर दाखवलं, ते बराच वेळ फ्लोट हातात घेऊन बघत होते.

ओव्हरहॉल म्हणजे नुसतं पेट्रोलनं धुऊन हवा मारणं नाही. आम्ही पूर्ण खोलतो, रबर, डायफ्रॅम, फ्लोट बाजूला काढतो (फ्लोट आत ठेवून कॉम्प्रेसरची हवा मारली तर तो चेपतो), बॉडी क्लीनरमध्ये भिजवतो आणि प्रत्येक भोकातून हवा आरपार जाते का ते बघतो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी भोकात, तार कधीच घालत नाही, कृपा करून तुम्हीपण घालू नका आणि कुणाला घालू देऊ नका. सोलेक्स बनावटीच्या कार्बोरेटरच्या मेन जेटवर 125 लिहिलं असेल तर त्याचं भोक 1.25 मिलिमीटरचं आहे, पितळ मऊ असतं, स्टीलची तार दोनदा फिरवली की तो आकडा खोटा झाला. मिक्श्चर स्क्रूचंही तसंच, कुणीतरी जोरात आवळलेला असतो आणि टोकाला गोल चर पडलेली असते, मग कितीही फिरवा आयडलिंग (पाय न दाबता इंजिनाचं संथ चालणं) लागत नाही. तो हलक्या हातानं टेकेपर्यंत आत न्यायचा, तिथून दीड फेरा बाहेर, आणि बारीक सेटिंग इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो थ्रॉटल शाफ्टवर, म्हणजे थ्रॉटलची झडप ज्यावर फिरते त्या दांड्यावर. इतक्या वर्षांच्या वापरानं शाफ्टची भोकं लंबगोल होतात आणि तिथून हवा खेचली जाते, आयडलिंग कधी वर कधी खाली. शाफ्ट धरून हलवला आणि खडखडला की समजायचं नुसत्या किटनं हे जाणार नाही, लेथवर बुश (भोकात बसणारी धातूची नळी) करून रीमरनं भोक मापात आणून फिटिंग करावं लागतं. त्याच्याबरोबर खालचा फ्लँज (इंजिनाकडे बसणारी सपाट कड) काचेवर ठेवून बघतो, नट जास्त आवळून तो वाकलेला असतो, खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) जातं. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून हळूहळू घासून सपाट करायचा. लोक तिथं दोन-दोन पॅकिंग घालतात, तो इलाज नाही.

आता पेट्रोलचं. हल्ली पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि आपल्या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. जुनं रबर त्यात फुगतं, पाइप आतून सुटून त्याचे कण निडलमध्ये अडकतात. इथेनॉल पाणी धरतं, गाडी दोन-तीन महिने उभी राहिली की फ्लोटच्या वाटीत पांढरी पावडर जमते, ती बॉडीच खाल्ली जात असते. म्हणून आम्ही पाइप आणि डायफ्रॅम इथेनॉल सोसणाऱ्या रबरचेच घालतो, आणि प्लग पांढरे दिसले तर मेन जेट एक नंबर वरचा टाकून बघतो. गाडी आठवड्याला एकदा तरी चांगली गरम होईपर्यंत चालवा. जास्त दिवस उभी करायची असेल तर पेट्रोलचा पाइप काढून टोक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे वाटी रिकामी होते. नवीन गाडीचा इंजेक्शनवाला इलेक्ट्रिक पंप मात्र बसवू नका, त्याचं प्रेशर निडलला झेपत नाही, पेट्रोल गरम इंजिनावर सांडतं आणि आग लागू शकते.

बदला असंही आम्ही सांगतो, पण बॉडीला तडा गेला असेल, आटे उडून परत धरत नसतील किंवा आतून फार खाल्लं असेल तरच. तेव्हासुद्धा कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात जुना ओरिजिनल शोधून तो बांधून घेणं आम्हाला डुप्लिकेट नव्यापेक्षा बरं वाटतं. डुप्लिकेटच्या जेटवर नंबर असतो, पण मोजला तर तो जुळेलच याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

काम साधारण चार दिवसांचं, बुशिंग असेल तर आठवडा. खर्च उघडून बघितल्यावर सांगतो आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढं जात नाही. काढलेले पार्ट पिशवीत घालून परत देतो. बाहेरगावचे लोक नुसता कार्बोरेटर पार्सलनं पाठवतात, चालतं, पण पेट्रोल पूर्ण ओतून दिवसभर वाळवून मगच पॅक करा. काढायच्या आधी लिंकेज, चोकची केबल आणि पाइपचे मोबाइलवर फोटो घ्या. आणि कार्बोरेटर काढला की लगेच मॅनिफोल्डच्या (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या पाइपच्या) तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, एखादा नट आत पडला तर हेड खोलावं लागतं.